निदानाचा शोध : विदर्भातील सिकलसेल आणि रुग्ण बालकाचे कुटुंब

रोगाचे निदान करणे म्हणजे रोगाला त्याचे योग्य नाव देणे, ही व्याख्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात पुरेशी ठरते. समाजाच्या अभ्यासकाला मात्र ती अपुरी वाटते. मुलाच्या आजाराचे कारण शोधत दारोदार फिरणाऱ्या कुटुंबाला केवळ नाव नको असते. आजार कशाने आला, तो घरातील दुसऱ्या मुलाला होईल काय, आपल्या हातून काही चूक घडली काय, आणि आता पुढे काय करावयाचे, ह्या चार प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. नाव मिळूनही ही उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या कुटुंबापुरते निदान झालेलेच नसते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास नागपूर व भोवतालच्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हा रोग विशेष उपयुक्त आहे. ह्या रोगाचे कारण रेणूच्या पातळीपर्यंत ज्ञात आहे, त्याची प्राथमिक तपासणी थोड्या खर्चात व थोड्या वेळात होते, आणि तरीही असंख्य कुटुंबांना त्याच्या नावापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागलेली आहेत. ज्ञान उपलब्ध असताना हा विलंब का घडतो, आणि निदान झाल्यावर कुटुंबाच्या हाती नेमके काय पडते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. आजाराची तुटक रूपे

प्रथम ह्या आजाराचा स्वाभाविक क्रम ध्यानात घ्यावयास हवा. पुढील वर्णन कोणा एका कुटुंबाचे नव्हे. रोगाच्या ज्ञात क्रमावरून आणि ह्या भागातील उपचारांच्या परिचित रीतींवरून रचलेले ते एक नमुनाचित्र आहे.

नागपूर जिल्ह्यातील कुही किंवा भिवापूर तालुक्यातील एखाद्या गावात एक मूल जन्मास येते. त्याचे वजन ठीक असते, ते अंगावर पिते, हसते, बाळसे धरते. पहिले पाच-सहा महिने घरात कोणालाही शंका येत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात एके दिवशी त्याच्या दोन्ही हातांचे व पायांचे पंजे सुजतात. मूल हात लावू देत नाही, रात्रभर रडते. आजी कोमट तेल लावते, शेजारीण लेप सुचविते, गावातील डॉक्टर औषध देतो. आठवडा-दोन आठवड्यांत सूज आपोआप ओसरते, आणि जे औषध शेवटी दिलेले असते त्यालाच तिचे श्रेय मिळते.

पुढे दुसऱ्या वर्षी मुलाला वरचेवर ताप येऊ लागतो, ते फिकट दिसू लागते. 'अंगात रक्त नाही' असे म्हणून लोहाची औषधे सुरू होतात. तिसऱ्या वर्षी डोळे पिवळे होतात. तेव्हा कावीळ उतरविणाऱ्याकडे नेऊन मुलाच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली जाते. पिवळेपणा कमी होतो, काही महिन्यांनी पुन्हा येतो. पोटात डाव्या बाजूस गाठ लागते, ती वाढलेली पांथरी असते. हिवतापाचा प्रदेश असल्यामुळे हिवतापाची औषधे दिली जातात. पाचव्या-सहाव्या वर्षी थंडीच्या दिवसांत किंवा पावसात भिजल्यावर गुडघे, मांड्या व पाठ असह्य दुखू लागतात. आता संधिवाताच्या तापाची शंका घेतली जाते. छातीत दुखून खोकला येतो, मूल वाळत चाललेले असते, तेव्हा क्षयाची शंका येते. मधल्या काळात बाहेरची बाधा, नजर किंवा देवाचा कोप ह्यांचाही विचार झालेला असतो व त्याप्रमाणे उपायही करून झालेले असतात.

ह्या सर्व प्रवासात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वाटेत भेटलेल्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे त्या त्या क्षणापुरते असमंजस नव्हते. पिवळे डोळे दिसल्यावर कावीळ म्हणणे, सुजलेला सांधा पाहून वात म्हणणे, मोठी पांथरी हाताला लागल्यावर हिवताप म्हणणे, ह्यांत तर्काचा दोष नाही. दोष आहे तो प्रत्येक लक्षण स्वतंत्र आजार मानण्यात. कावीळ एकाने पाहिली, सूज दुसऱ्याने, पांथरी तिसऱ्याने. सहा वर्षांचा अखंड इतिहास मात्र एकाच व्यक्तीने पाहिलेला असतो, आणि ती म्हणजे मुलाची आई. पण तिला बहुधा 'आज काय होते आहे' एवढेच विचारले जाते.

२. एका रेणूतील बदल

इतकी भिन्न लक्षणे एकाच कारणातून कशी उद्भवतात, हे समजल्यावाचून निदानातील अडचण समजणार नाही. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचविणे हे त्याचे कार्य होय. प्रौढ मनुष्याच्या हिमोग्लोबिनात अल्फा व बीटा अशा दोन-दोन साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एका ठराविक क्रमाने गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बदल एवढाच असतो.

परंतु ह्या बदलामुळे, पेशीतील प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब ताठ धागे बनतात, आणि एरवी गोल व लवचीक असणारी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. येथून दोन परिणामांच्या परंपरा सुरू होतात. वाकड्या व ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तो भाग दुखू लागतो. लहान मुलात तो हातापायांच्या पंजांची हाडे असतो, मोठ्या मुलात मांडीचे हाड, पाठीचा कणा किंवा छाती. दुसरीकडे ह्या पेशी लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकल पेशी १० ते २० दिवसच टिकते. पेशी फुटल्यामुळे मूल फिकट होते, आणि फुटलेल्या हिमोग्लोबिनपासून निर्माण होणाऱ्या पिवळ्या द्रव्यामुळे डोळे पिवळे होतात. ह्या पिवळेपणाचा मूळ उगम यकृताच्या विकारात नसतो, म्हणून काविळीच्या उपचारांचा त्यावर काही परिणाम होत नाही. रक्त गाळणारी पांथरी ह्या पेशींनी तुंबते व वाढते, आणि तिचे कार्य बिघडल्यामुळे काही विशिष्ट जंतूंपुढे मूल दुबळे ठरते. साध्या तापाने सुरू झालेले दुखणे एखाद्या दिवसात जीवघेणे होऊ शकते, ते ह्यामुळेच.

पहिल्या सहा महिन्यांतील स्वास्थ्याचे कोडेही येथेच सुटते. गर्भावस्थेत बालकाच्या रक्तात वेगळे, गर्भीय हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळी नसते, त्यामुळे तेथे हा दोष प्रकटच होत नाही. जन्मानंतर गर्भीय हिमोग्लोबिन हळूहळू ओसरते व त्याची जागा दोषयुक्त हिमोग्लोबिन घेते. कुटुंब म्हणते, 'मूल चांगले होते, मग कशाची तरी दृष्ट लागली.' निरीक्षण अचूक आहे. केवळ कारण निराळे आहे.

भारतात आढळणाऱ्या सिकल जनुकाची एक खास परंपरा आहे. अरबी-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या प्रकारात काही रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते, आणि त्यामुळे रोग आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो असे पूर्वी मानले जाई. विदर्भातील अनुभवाने ह्या समजाला मर्यादा घातली आहे. येथील अनेक मुलांत रोग तीव्र स्वरूपात दिसून आला आहे. त्यातही एकाच घरातील दोन रुग्ण भावंडांची स्थिती भिन्न असू शकते. सौम्यतेच्या ह्या समजुतीनेही निदानास विलंब लावण्यात आपला वाटा उचलला असणे शक्य आहे.

३. वैद्यकाचा स्वतःचा शोध

कुटुंबाला नाव सापडण्यास जसा वेळ लागतो, तसाच तो वैद्यकशास्त्रालाही लागला. १९०४ च्या डिसेंबरात शिकागो येथील एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. तेथील तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स ह्यांना त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक ह्यांनी १९१० मध्ये ह्या रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. हेरिक ह्यांनी पेशींचे चित्र दिले, परंतु ह्या रोगाचे कारण त्यांना सांगता आले नाही. 'सिकलसेल' हे रोगाचे नाव १९२२ मध्ये व्हर्न मेसन ह्यांनी रूढ केले. तो कोणत्या नियमाने संततीत उतरतो हे १९४९ मध्ये अमेरिकेत नील ह्यांनी व आफ्रिकेत बीट ह्यांनी दाखविले. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा रोग असल्याचे सिद्ध केले, आणि १९५७ पर्यंत व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी बदललेले नेमके अमिनो आम्ल शोधून काढले. पहिल्या रुग्णापासून कारणापर्यंत अर्धशतक लोटले.

ह्या अर्धशतकात विदर्भातील मुलांनाही हा आजार होतच होता, पण हा केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रोग होय, अशी दृढ समजूत असल्यामुळे भारतात तो कोणी शोधला नव्हता. १९५२ मध्ये लेमन व कटबुश ह्यांनी निलगिरीतील आदिवासी जमातींत सिकल पेशींचे अस्तित्व दाखविले, आणि त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांतील मजुरांविषयीही वृत्त आले. त्यानंतर १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निष्कर्ष 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केले. ह्या कार्याचे महत्त्व असे की, हा दोष केवळ दुर्गम डोंगरांतील जमातींपुरता मर्यादित नसून महार समाजासारख्या मैदानी भागातील, गावगाड्यात व शहरात राहणाऱ्या समाजातही आढळतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढील काळात गोंड, माडिया, परधान ह्या जमातींबरोबरच कुणबी, तेली इत्यादी समाजांतही तो आढळून आला.

येथे एक तत्त्व हाती लागते. जो रोग एखाद्या प्रदेशात नाही असे गृहीत धरले जाते, त्याची तपासणी कोणी करीत नाही, आणि तपासणी होत नाही म्हणून तो तेथे नाही हे गृहीतक टिकून राहते. ह्या चक्रातून वैद्यकशास्त्र १९५८ मध्ये बाहेर पडले. परंतु ते ज्ञान नियतकालिकातून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत, आणि तेथून घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यास लागलेला काळ ह्याहून फार मोठा आहे.

४. 'आमच्या घराण्यात असे काही नाही'

सिकलसेल आनुवंशिक आहे असे सांगितल्यावर कुटुंबाकडून बहुधा एकच उत्तर मिळते : आमच्या घराण्यात असे काही नाही. हे उत्तर अज्ञानाचे द्योतक मानण्याची चूक अभ्यासकाने करू नये. ते त्या कुटुंबाच्या अनुभवाशी पूर्णतः सुसंगत आहे, हे थोड्या गणिताने दाखविता येते.

प्रत्येक मुलाला बीटा साखळीचे एक जनुक मातेकडून व एक पित्याकडून मिळते. दोहोंपैकी एकच सदोष असेल, तर ती व्यक्ती वाहक होय. वाहकाला सामान्यतः कोणताही त्रास होत नाही, आणि आपण वाहक आहोत हे तपासणीशिवाय त्याला कळण्याचे साधन नाही. दोन्ही जनुके सदोष असतील तर मूल रुग्ण होते. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्णतः दोषमुक्त असण्याची चारात एक अशी असते.

अशा जोडप्याला चार मुले झाली असे धरू. त्यांपैकी एकही रुग्ण नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि नेमके एकच रुग्ण असण्याची सुमारे ४२ टक्के येते. म्हणजे दोघेही पालक वाहक असलेल्या चार मुलांच्या कुटुंबांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश कुटुंबांत एकही रुग्ण नसतो, किंवा एकच असतो. मुले दोनच असतील तर एकही रुग्ण नसण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, एकच रुग्ण असण्याची सुमारे ३८ टक्के आणि दोन्ही रुग्ण असण्याची अवघी ६ टक्के आहे. ह्याचा अर्थ असा की, कुटुंबे लहान होत जातात तसतशी ह्या रोगाची आनुवंशिकता डोळ्यांना अधिकाधिक दिसेनाशी होते. पालक निरोगी, दुसरे भावंड निरोगी, आजी-आजोबा निरोगी, आणि त्यांच्या मध्ये हे एकच मूल आजारी. 'घराण्यात नाही' असे म्हणण्यास ह्याहून सबळ पुरावा सामान्य माणसाजवळ कोठून असणार?

त्यातच जुन्या पिढीतील जी मुले ह्या रोगाने गेली, त्यांच्या मृत्यूची कारणे घरात निराळ्याच नावांनी जतन झालेली असतात. एक काविळीने गेले, एक तापाने गेले, एक 'असेच' गेले. वंशावळ लिहून घेताना आजाराचे नाव विचारल्यास काहीच हाती लागत नाही. किती मुले झाली, किती जगली, गेलेली कितव्या वर्षी व कशा अवस्थेत गेली, डोळे पिवळे होत काय, हातपाय दुखत काय, असे प्रश्न आजीला विचारले, तर अनेकदा दोन पिढ्यांचा इतिहास उलगडतो. ह्या दृष्टीने पाहता, रोगाच्या पुराव्याचा निम्मा भाग रुग्णाच्या रक्तात असतो व निम्मा कुटुंबाच्या स्मृतीत. रक्त तपासण्याची साधने वाढली, त्या मानाने स्मृती तपासण्याची रीत वाढली नाही.

आनुवंशिकतेच्या अपुऱ्या स्पष्टीकरणाचा भार सामान्यतः मातेवर पडतो. 'रोग रक्तातून आला' एवढेच सांगितले गेल्यास तो कोणाच्या रक्तातून आला हा प्रश्न घरात लगेच उभा राहतो, आणि त्याचे बोट सुनेकडे वळते. वस्तुतः रुग्ण मुलाचे अस्तित्व हाच, दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आले असल्याचा पुरावा आहे. सिकलसेलची दोन्ही जनुके असलेले मूल केवळ मातेमुळे रुग्ण झाले, असे म्हणण्यास शास्त्रात जागा नाही. हे एक वाक्य निदानाच्या वेळी पती, सासू व सासरे ह्यांच्या समक्ष उच्चारले जाते की नाही, ह्यावर एका स्त्रीचे पुढील आयुष्य अवलंबून असू शकते.

जे कुटुंबात घडते तेच समाजातही घडते. विशिष्ट जातींत व जमातींत हा दोष अधिक आढळतो, असे म्हणताच तो त्या समाजाचा कलंक मानण्याकडे प्रवृत्ती होते. ह्या वारंवारतेचे कारण मात्र इतिहासात व भूगोलात आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील संशोधनावरून असे दाखविले की, सिकलच्या वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समूहांत वाहक अधिक प्रमाणात जगले व जनुक टिकले. जातीअंतर्गत विवाहाच्या रूढीने ते त्या त्या वर्तुळात फिरत राहिले. तेव्हा वाहक असणे हा रोग नव्हे आणि कमीपणाही नव्हे. कोणे एके काळी ज्या गुणाने पूर्वजांचे प्राण वाचविले, त्याचीच दुहेरी मात्रा आज एखाद्या मुलाला भोवते.

५. तपासणी आणि तिचा अर्थ

अखेर केव्हातरी हे मूल नागपुरात येते. विदर्भाच्या पूर्व भागातून, तसेच छिंदवाडा, सिवनी, बालाघाट ह्या लगतच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण नागपूरला येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय 'मेडिकल' ह्या नावाने आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय 'मेयो' ह्या जुन्या नावाने सर्वांस परिचित आहे. तेथे रक्ताचे काही थेंब घेतले जातात, आणि अनेक वर्षांच्या शोधाचे उत्तर अल्पावधीत मिळते.

परंतु तपासण्यांमध्ये भेद आहे, आणि तो कुटुंबाला समजणे अगत्याचे आहे. विद्राव्यता चाचणीत रक्त एका द्रावणात मिसळले जाते. सिकल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते. ही चाचणी स्वस्त व जलद आहे, परंतु ती वाहक व रुग्ण ह्यांच्यात फरक करू शकत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांच्या बालकात ती भरवशाची नसते. तो फरक करण्यासाठी विद्युत्-संचरण किंवा एचपीएलसी ह्या पद्धतीने हिमोग्लोबिनचे प्रकार व त्यांचे प्रमाण मोजावे लागते. पहिल्या चाचणीचे उत्तर 'पॉझिटिव्ह' आले म्हणजे काय, हे न सांगता कुटुंबाला घरी पाठविले, तर दोन विपरीत चुका संभवतात. निरोगी वाहक मुलीला आजारी ठरवून तिचे शिक्षण व विवाह अडविले जातात, किंवा खऱ्या रुग्ण मुलाला 'नुसते पॉझिटिव्ह आहे' असे समजून पुढील उपचारांवाचून ठेवले जाते. चुकीच्या निदानापासून सुटलेले कुटुंब अर्धवट निदानात अडकते.

विवाहाच्या प्रश्नाविषयी एवढेच नोंदविणे पुरे की, वाहकाने विवाह करू नये असे शास्त्र सांगत नाही. वाहकाचा विवाह दोषमुक्त व्यक्तीशी झाल्यास संततीत सिकलसेलचा रुग्ण संभवत नाही. दोन्ही वाहक असल्यास त्यांना गर्भावस्थेतील तपासणीची माहिती वेळेवर मिळावी, ही अपेक्षा आहे. ह्या साध्या नियमाचा उपयोग निवडीसाठी होतो की बहिष्कारासाठी, हे समुपदेशनाच्या दर्जावर अवलंबून राहते.

६. नावानंतर काय

निदानाला काही अर्थ असेल तर तो त्यामुळे मुलाचे जीवन बदलते ह्यात. ह्या बाबतीत जमेका बेटावरील अनुभव उद्‌बोधक आहे. तेथे किंग्स्टन शहरात १९७३ ते १९८१ ह्या काळात १ लक्ष नवजात बालकांची तपासणी झाली व सापडलेल्या रुग्णांची दीर्घकाळ देखरेख करण्यात आली. पांथरीत अचानक रक्त साठून लहान मुले दगावतात, हे ह्या अभ्यासातून स्पष्ट झाले. तेव्हा मातांना बालकाच्या पोटावरून हात फिरवून पांथरीची वाढ ओळखण्यास शिकविण्यात आले, आणि ह्या कारणाने होणारे मृत्यू घटले. ज्या मातेला इतरत्र कोणी काही विचारीत नसे, तिच्याच हाताला येथे निदानाचे साधन बनविण्यात आले.

१९८६ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने, रुग्ण बालकांना दररोज पेनिसिलीन दिल्यास घातक जंतुसंसर्ग फार मोठ्या प्रमाणात टळतो, हे सिद्ध केले. १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधाने प्रौढ रुग्णांच्या वेदनेचे झटके कमी होतात असे दिसून आले. हे औषध गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. नागपुरातील बालरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ह्या औषधाची कमी व स्थिर मात्राही येथील तीव्र रुग्ण बालकांना गुणकारी ठरते असे आढळले. लसीकरण, भरपूर पाणी पाजणे, थंडीपासून व अतिश्रमापासून जपणे, आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखान्यात नेणे, ह्या गोष्टी औषधांइतक्याच मोलाच्या आहेत. ह्यांपैकी जवळजवळ प्रत्येक उपाय लवकर सुरू केला तरच पूर्ण फळ देतो. पेनिसिलीनचा लाभ पहिल्या पाच वर्षांत सर्वांत अधिक आहे, आणि वर वर्णिलेल्या नमुनाचित्रातील मूल ती पाच वर्षे कावीळ, हिवताप व वात ह्यांच्या उपचारांत घालविते.

ह्यास्तव नवजात बालकाची तपासणी हा उपाय पुढे आला. नागपुरातही असे कार्य झाले असून, मध्य भारतात जन्मतःच रुग्ण असलेल्या बालकांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे त्यातून दिसून आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल उच्चाटन मोहिमेचा प्रारंभ झाला. ० ते ४० ह्या वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. रुग्ण-कुटुंबांच्या बाजूनेही नागपुरात संघटित प्रयत्न झाले. सिकल सेल सोसायटी ऑफ इंडिया ह्या संस्थेचे संपत रामटेके ह्यांना ह्या कार्याबद्दल २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात सिकलसेलचा समावेश झाल्याने, आजाराला शासनदरबारीही एक स्थान मिळाले.

नवजात तपासणीमुळे निदानाचा क्रमच उलटतो. पूर्वी आजार प्रथम येई व नाव शेवटी सापडे. आता नाव प्रथम येते आणि आजार अद्याप दिसत नसतो. ह्यामुळे कुटुंबापुढे एक नवीन अडचण उभी राहते. मांडीवर खेळणाऱ्या, बाळसे धरलेल्या मुलाला रोज औषध द्या, असे सांगितल्यावर त्यावर विश्वास कसा ठेवावा? पूर्वी लक्षणांना नाव नव्हते, आता नावाला लक्षणे नाहीत. दोन्ही वेळी डॉक्टरचा शब्द आणि घरातील अनुभव ह्यांत अंतर पडते, आणि ते अंतर केवळ तपासणीच्या संख्येने भरून निघत नाही. गावातील आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा ज्या घरात असे मूल वाढले आहे अशी दुसरी एखादी आई, ह्यांच्या शब्दाने ते भरून निघण्याचा संभव अधिक आहे.

७. संशोधनाच्या दिशा

वरील विवेचनावरून सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी काही प्रश्न निष्पन्न होतात. पहिल्या लक्षणापासून निश्चित निदानापर्यंत किती काळ गेला, आणि त्या काळात कुटुंबाने किती उपचारकांचे दार ठोठावले? प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या आजाराला कोणते नाव मिळाले, आणि त्या नावासाठी किती मजुरी बुडाली, काय विकावे किंवा गहाण ठेवावे लागले? निदान सांगितले गेले तेव्हा घरातील कोण उपस्थित होते, आणि कोणत्या भाषेत ते सांगितले गेले? मराठी, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मातेला 'वाहक' ह्या शब्दातून काय बोध झाला? निदानानंतर वर्षभराने त्या चार मूळ प्रश्नांची कोणती उत्तरे कुटुंबाच्या मनात होती?

ह्या प्रश्नांसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती शांतपणे बसून आजी, आई, वडील व मोठे भावंड ह्यांच्या तोंडून मुलाचा संपूर्ण इतिहास, त्यांच्या क्रमाने व त्यांच्या शब्दांत, ऐकून घेण्याची तयारी. निदानाला उशीर होतो तो बहुधा ह्या एका ऐकण्याच्या अभावी, आणि निदान झाल्यावर ते कुटुंबाच्या उपयोगी पडते किंवा पडत नाही तेही त्यावरच. आठव्या महिन्यात सुजलेले हात आणि सहाव्या वर्षी दुखणारी मांडी ह्या दोन घटना एका सूत्रात ओवण्यास लागणारी माहिती बहुतेक घरांत पहिल्यापासूनच असते. ती विचारणारा कोणी भेटेपर्यंत मूल तेवढ्या वर्षांनी मोठे झालेले असते, किंवा राहिलेलेच नसते.